आरशातलं स्पॅनिश

काकूंचं पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. त्यांनी उभं आयुष्य गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून काढलं. गिऱ्हाईक खुर्चीत, काकू मागे, आणि गप्पा सगळ्या आरशात. कुणाची सासू काय बोलली, कुणाचं लग्न मोडता मोडता राहिलं, सगळं तिथे कळायचं. हातात कैची आणि समोर आरसा असला की काकूंच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो केस झाडून होईपर्यंत थांबायचा नाही.

आणि तीच बाई रस्त्यात समोरासमोर भेटली की काकूंची गाडी "काय, बरं आहे ना?" याच्या पुढे सरकत नसे. नजर जमिनीवर, हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत. घरीदारी हीच तऱ्हा. काका म्हणायचे, "मला टक्कल पडल्यापासून ही माझ्याशी धड बोललेली नाही." यातली थट्टा किती आणि तक्रार किती, हे काकांनी कधी उघड केलं नाही.

अशा या काकूंच्या एकुलत्या एक लेकीने परदेशी नोकरीला जाऊन लग्न केलं ते स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाशी. जावई मोठा लाघवी. बोटीवर नोकरीला होता, निम्मा काळ समुद्रावर असायचा, पण घरी आला की फोनवर मोडकंतोडकं मराठी बोलून सासू-सासऱ्यांना हसवायचा. अडचण होती विहीणबाईंची. त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं आणि काकूंना स्पॅनिशचा गंध नव्हता. व्हिडिओ कॉल लागला की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. किती हसणार? गाल दुखायला लागले की फोन लेकीकडे जायचा.

काकूंना हे काही पटेना. पोटची पोर ज्या बाईच्या घरात राहते तिच्याशी दोन शब्द बोलता येऊ नयेत म्हणजे काय? मोठ्या माणसांसाठी संध्याकाळी स्पॅनिशचे वर्ग चालतात असं एका गिऱ्हाइकाकडून कळलं आणि काकूंनी नाव घातलं. वर्ग एका प्राथमिक शाळेत भरायचा. बाकं पहिलीच्या मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. चूक होऊ नये म्हणून ते वाक्य मनातल्या मनात इतका वेळ जुळवत बसायचे की तोवर विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. पलीकडे एक नर्स, ती दर वाक्यात तीन चुका करून खुशाल हसायची. आणि शिकवणारे सर, काकूंच्या लेकीपेक्षाही लहान.

"सर, या वयात नीट बोलता यायला किती दिवस लागतात?" काकूंनी वहीत डोकं घालूनच विचारलं.

"मोठ्यांना शब्द पटकन येतात हो काकू. लाज जायला वेळ लागतो."

सराव मात्र काकूंनी पार्लरमध्ये केला. मानेभोवती कापड बांधलेलं गिऱ्हाईक पळून पळून जाणार कुठे? "मान सरळ", "हलू नका", "आणखी थोडे कापू का?", हे सगळं स्पॅनिशमध्ये सुरू झालं. बायकांनी आधी नाकं मुरडली, मग त्याही उत्तरं द्यायला लागल्या. वर्षभरात त्या आळीतल्या निम्म्या बायकांना केसांचं स्पॅनिश तोंडपाठ झालं. आरशात बघून काकू सपासप बोलायच्या, मध्येच स्वतःवरच खूश होऊन हसायच्या.

आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी सर टेबलापलीकडे समोर बसले, आणि काकूंच्या तोंडाला कुलूप. नाव विचारलं तर नाव आठवेना. सरांनी निकालावर लिहिलं, लेखी उत्तम, तोंडी पुन्हा यावे. काकूंनी तो कागद घरी आणला आणि काकांसमोर ढसाढसा रडल्या.

त्या रडण्यामागे नुसती परीक्षा नव्हती. मधल्या काळात लेकीला दिवस गेले होते. बाळंतपण तिकडेच व्हायचं होतं, आणि नेमकं त्याच सुमारास काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. काकूंना जायला मिळणार होतं ते नंतर. जावई तेव्हा बोटीवर असणार, म्हणजे ऐनवेळी लेकीजवळ एकट्या विहीणबाई. आणि लेकीची एक खोड फक्त काकूंना ठाऊक होती. साधी ठेच लागली तर ती घर डोक्यावर घ्यायची, पण खरं दुखायला लागलं की गप्प. लहानपणी अपेंडिक्स फुटायला आलं होतं तेव्हा ही बया कोपऱ्यात बसून चित्र रंगवत होती. तिच्या मुठीकडे काकूंचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. अंगठा मुठीत घट्ट दाबलेला होता.

हे विहीणबाईंना सांगायचं कसं? लेकीकरवी सांगावं तर ती म्हणणार, "आई, तुझं आपलं काहीतरीच!" आणि अर्धं गाळून टाकणार. जावई पोटात काही ठेवायचा नाही, तो लगेच बायकोला सांगून मोकळा. काकूंनी फोनकडून भाषांतर करून घ्यायचाही प्रयोग केला. फोन बापडा बोलला, पण बातम्या द्याव्यात तसा. लेकीच्या दुखण्याचं या आवाजात सांगायचं? काकूंनी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. हे आपल्याच तोंडाने सांगायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

विमान प्रवासाला डॉक्टरांची परवानगी होती तोवर लेक आठवडाभर माहेरी आली आणि सोबत विहीणबाईही आल्या. धिप्पाड, हसतमुख बाई. जेवायच्या टेबलावर त्या काकूंच्या बरोबर समोर बसल्या. काकूंनी चार दिवस घोकलेलं वाक्य ओठांवर आणलं आणि पुन्हा गिळलं. "सी, सी", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणत त्यांच्या ताटात वाढत राहिल्या. रोज हेच. विहीणबाईंचं पोट भरलं, काकूंचं मन काही मोकळं होईना.

निघायच्या आदल्या दुपारी विहीणबाईंनी डोळ्यांवर येणारी केसांची झुलपं फुंकरीने उडवली. लेक म्हणाली, "आई, यांचे केस काप ना. मी येते, तुमचं बोलणं सांगायला." तिघी पार्लरमध्ये गेल्या. लेक मागच्या सोफ्यावर टेकली आणि पोटावर हात ठेवून बघता बघता झोपी गेली.

काकूंनी कापड बांधलं, फवारा मारला, कंगवा फिरवला, आणि सवयीने मान वर केली. आरशात विहीणबाईंचा चेहरा. त्याच्या मागे सोफ्यावर झोपलेली पोर.

"मान सरळ," काकू स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "आणखी थोडे कापू का?"

विहीणबाई अशा दचकल्या की कैची हुकता हुकता राहिली. "तुम्ही बोलता?"

"इथे बोलते," काकू म्हणाल्या, आणि बांध फुटावा तशा सुटल्या. सगळी क्रियापदं एकाच काळातली. लेकीचं बालपण आत्ता चालू होतं आणि बाळंतपणही आत्ताच. पण काकू थांबल्या नाहीत. "माझी मुलगी. दुखणं छोटं, आवाज मोठा. दुखणं मोठं, कायादा." कायादा म्हणजे गप्प. हा शब्द त्यांनी सरांकडून मुद्दाम मागून घेतला होता. "ती कायादा, तुम्ही बघा. तिचा हात बघा." आणि काकूंनी कैची खाली ठेवून अंगठा मुठीत दाबून दाखवला.

विहीणबाई वळू पाहत होत्या. "हलू नका!" काकूंनी दटावलं. दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले. विहीणबाईंनी कापडाखालून हात बाहेर काढला, अंगठा आत घेऊन मूठ मिटली आणि आरशात विचारलं, "अशी?"

"अशीच."

मागे लेकीने झोपेतच कूस बदलली. तिचा हात सोफ्यावरून खाली लोंबत होता, बोटं सैल. दोघी आरशातून त्या हाताकडे बघत राहिल्या. मग काकूंनी विहीणबाईंचे केस कापले, आणि खरं सांगायचं तर एका बाजूला जरा जास्तच कापले गेले. विहीणबाईंनी ते खूप छान झाल्याचं सांगितलं.

थंडीत एका दुपारी काकू एका गिऱ्हाइकाचे केस कापत असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल, विहीणबाईंचा. समोर त्यांचा चेहरा आला आणि काकूंची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. तेवढ्यात खुर्चीतली बाईच ओरडली, "अहो काकू, आरशात! आरशात बघा!" काकू गर्रकन वळल्या, फोन आरशाकडे धरला आणि आरशातून ओरडल्या, "काय झालं? सांगा!"

विहीणबाई हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगू लागल्या. सकाळी लेक स्वयंपाकघरात आली. चहा नको म्हणाली. खिडकीशी बसली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून बरेच दिवस होते. "से केदो कायादा," विहीणबाई म्हणाल्या. गप्प झाली. मग त्यांनी फोनसमोर मूठ धरली, अंगठा आत. "मी विचारत बसले नाही. सरळ गाडी काढली." डॉक्टर म्हणाले होते, बरं झालं लगेच आणलंत.

मग ती मूठ उघडली आणि फोन फिरला. पलंगावर लेक, दमलेली, केस विस्कटलेले. "आई," ती म्हणाली, "यांना कसं कळलं गं? मी तर काही बोललेच नव्हते." तिच्या कुशीत लाल मिरचीसारखी नात होती आणि तिने असा काही टाहो फोडला होता की पार्लरच्या दारातून शेजारचा शिंपी डोकावला.

काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. खुर्चीतल्या बाईचे केस एका बाजूला तसेच राहिले होते, पण तिला त्याची फिकीर नव्हती. तीही रडत होती.

"हिची काळजी नाही," काकू आरशातल्या विहीणबाईंना स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "ही सांगते."