आरपार दगड

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी सोडतो त्या वजनाच्या दोरीवरून. स्वतः चालताना डावीकडे कलंडायचा, पण त्याने रचलेली भिंत कुठूनही बघा, अगदी दोरीत. डोंगरावरच्या त्या गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. हे तो आपल्या तोंडाने सांगत नसे; दुसरं कोणी सांगेपर्यंत शेजारी उभा राहायचा.

दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. एक बाहेरची, एक आतली, मधे माती आणि बारीक दगड. त्या दोघींना धरून ठेवायला थोड्या थोड्या अंतरावर एक लांब दगड आरपार घालायचा असतो. ओळंब्याचे वडील तो घालायचे. पण असा दगड शोधायचा म्हणजे अर्धा दिवस ओढ्यात जायचा, आणि टोकं घरात डोकावायची ती वेगळीच. येता-जाता कोणाच्या ना कोणाच्या कपाळाला टेंगूळ. ओळंब्याने ते दगड बंद केले. भिंती कशा सपाट, देखण्या दिसू लागल्या! धाकट्या बहिणीने तर घर बांधताना बजावलंच होतं, "दादा, ते डोकं फोडणारे दगड माझ्याकडे नकोत हं."

भूकंप दुपारी झाला. बरेच लोक शेतात होते म्हणून वाचले. बहिणीचा नवरा तापाने फणफणून घरात पडला होता. भिंत मधोमध उकलली आणि आतली बाजू त्याच्या अंगावर आली; तो वाचला नाही. त्या दिवसापासून बहीण ओळंब्याशी बोलली नाही. कडाकडा भांडली असती तर परवडलं असतं. तो समोरून आला की ती रस्ता बदलायची, आणि एवढ्याशा गावात रस्ते तरी किती असणार!

मग एक संस्था आली. संस्था म्हणजे काय, तीन माणसं, एक खोकणारी जीप आणि शाळेच्या व्हरांड्यात मांडलेलं टेबल. पत्रे आणि लोखंड ते देणार, दगड आणि मेहनत गावाची. पहिल्याच बैठकीत त्यांच्या इंजिनिअर बाईंनी विचारलं, "पडलेली घरं कोणी बांधली होती?" सगळ्या माना एकीकडे वळल्या. ओळंब्याने हात वर केला. आता ही बाई चारचौघांत आपली सालटी काढणार, अशी त्याची खात्री झाली.

"मग उद्यापासून तपासणी तुम्ही करायची," बाई म्हणाल्या. "कुठे चुकलं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

तपासणीची रीत साधी होती. बाहेरून ओळंब्याने आरपार दगडाच्या टोकावर हातोडी मारायची, आतून घरमालकाने दुसऱ्या टोकावर तळहात ठेवायचा. दगड अखंड असला की ठोका हाताला लागतो. दोन तुकडे असले तर मधल्या मातीत जिरून जातो. ओळंब्याने अशी एकवीस घरं वाजवली. बाविसावं बहिणीचं होतं. तिने मुद्दाम शेजारच्या गावचा गवंडी लावला होता.

"बाई, हे एक घर तुम्ही बघा," तो म्हणाला. "ती मला दारात उभं करणार नाही."

"दारात कशाला? तुमचं काम बाहेरून," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या सहीशिवाय पत्रे निघणार नाहीत."

तो गेला. त्याला बघून बहीण आत गेली. भिंत डोक्यावर गेलेली, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नव्हते. त्याने पहिला ठोका मारला.

"लागलं?" आठ महिन्यांत त्याने तिला विचारलेला हा पहिला शब्द.

"लागलं."

दुसरा दगडही लागला. तिसऱ्यावर हातोडी भद्द वाजली.

"लागलं?"

"नाही."

"हात नीट ठेव."

"ठेवलाय. परत मार."

त्याने तीनदा मारली. तिन्ही वेळा "नाही" आलं. दोन बाजूंनी दोन आखूड दगड लावून मधे माती भरलेली होती.

"एवढा लांब मिळत नव्हता हो," शेजारी उभा असलेला तिचा गवंडी म्हणाला. "करा की सही. तुम्ही तरी आयुष्यभर..." पुढचं त्याने गिळलं.

ओळंब्याला ही सबब तोंडपाठ होती. भिंत उतरवली तर बहिणीचा पावसाळा ताडपत्रीखाली जाणार, आणि जे काही नातं उरलं असेल तेही संपणार. सही करायची तर... त्याच्यापुढे त्याला विचारही करवेना.

"पाडावी लागेल," तो म्हणाला.

आतून तिचा आवाज आला, बारीक. "दादा, ते दगड नकोत असं मीच म्हटलं होतं ना?"

ही आपल्याला दोष देते म्हणून तोंड चुकवते, असं तो आठ महिने धरून चालला होता. ती स्वतःलाच खात होती.

"तू म्हटलंस," तो म्हणाला. "पण गवंडी मी होतो. बाबांनी शिकवलं होतं मला. मला माहीत होतं, तरी नाही घातले. लोक वाहवा करत होते आणि मला ती आवडत होती."

"लागलं," आतून आवाज आला.

हातोडी तर त्याने केव्हाच खाली ठेवली होती.

मग बहीण बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "उद्या पाडायला तू ये," ती म्हणाली. "आणि बांधायलाही तूच."