चार रिकाम्या खाचा

“हिला आरएनएच्या टेबलाला हात लावू देऊ नकोस,” आमच्या गाइड मॅडम केतकीला म्हणाल्या. मी दोन फुटांवर उभी होते. हातात ग्लव्ह्ज होते. एकावर एक, दोन.

केतकी आमच्या लॅबमधली सीनियर. तिने थेंब मोजून घ्यायच्या पिपेटचा माझा संच उचलला, प्रत्येक पिपेटवर लाल टेप गुंडाळली आणि सगळा संच खिडकीजवळच्या वेगळ्या टेबलावर नेऊन ठेवला. “हे फक्त तुझं. बाकी कशाला टच नको करू, ओके?” माझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतत. मला अंधेरीत, एसी लॅबमध्ये लाल टेप मिळाली. प्रगती म्हणायची.

काय झालं होतं ते सांगते. जीन म्हणजे पेशीतला मूळ कागद. तो जागचा हलत नाही. त्याची नक्कल निघते आणि तीच कामाला जाते. ती नक्कल म्हणजे आरएनए. कॅन्सरच्या गाठीत काही जीनच्या नकला भरमसाट निघतात. त्या कुणाच्या हुकुमाने निघतात, हे शोधणं माझं पीएचडीचं काम.

ही नक्कल फार नाजूक. माणसाच्या बोटावर एक द्रव्य असतं, ते तिला खाऊन टाकतं. कुणाच्याही बोटावर असतं. मॅडमच्यासुद्धा. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

बारा बायकांच्या गाठींचे तुकडे आमच्याकडे होते. त्यांचा आरएनए नासला. सगळा. त्या नमुन्यांना तिघांचे हात लागले होते, केतकीचा, लॅबमधल्याच विनयचा आणि माझा. फ्रीजर मधेच कधी बंद पडला होता का, ट्यूब कुणी बाहेर विसरलं का, हे कुणीच तपासलं नाही. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मऊ. “तुझा दोष नाही गं. घरून सवय नसते ना. ही स्वच्छता अंगवळणी पडायला पिढ्या जातात.”

माझी आई घाटकोपरच्या दहा बाय बारात फरशीचे कोपरे नखाने खरवडते. ते मी सांगितलं नाही. काय सांगणार, आईच्या फरशीचा दाखला आणू? एक दाखला अ‍ॅडमिशनच्या वेळी दिला होता. तेव्हापासून तो माझ्या कपाळावरच चिकटलाय. मी “हो मॅडम” म्हणाले. त्या ‘हो’ची मला आजही लाज वाटते.

मग त्यांनी लॅबची वही पुढे केली. तिची पानं नंबर घातलेली असतात, फाडता येत नाहीत. “लिही, माझ्या निष्काळजीपणामुळे नमुने दूषित झाले. खाली सही कर. फक्त नोंद आहे.” ती नोंद झाली की प्रोजेक्ट केतकीकडे जाणार होता, हे शेंबडं पोरही सांगेल. मी एक दिवस मागून घेतला.

घरी आई म्हणाली, “सही कर नि मोकळी हो, बाळा. डिग्री हाताशी आलीय.” ती रडत होती. बाबा सरकारी कचेरीत नक्कल विभागात शिपाई आहेत. आयुष्यभर त्यांनी ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायच्या कागदांचे गठ्ठे वाहिले. ते म्हणाले, “आमच्याकडं मूळ कागद बघितल्याबिगर नकलेवर कोण सही करत नाही.” आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, मूळ कागद दाखवूच. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमधून काढलेला चांगला आरएनए मी सहा ट्यूबमध्ये भरला. एक ट्यूब न शिवलेली. एक माझी. चार बाकीच्यांच्या, मॅडमसकट. प्रत्येकीवर नाव घातलं. ग्लव्ह्ज काढून बोटाचं टोक बुडवायचं, बस. कुणाच्याही बोटाने आरएनए नासतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं. मला खरंच वाटलं होतं, सगळे हसत बोट बुडवतील. सायन्सवाले ना शेवटी!

केतकी म्हणाली, “मी कशाला? माझ्यावर कुणी डाउट घेतलाय का?” विनय, ज्याच्याबरोबर मी तीन वर्षं चहा प्यायले, खाली बघत म्हणाला, “मला यात नको ओढू ना यार. माझं एकच वर्ष राहिलंय.” लॅबमधला आणखी एक मुलगा तर उठून बाहेरच गेला. मॅडम म्हणाल्या, “हा पोरखेळ बंद कर.”

मी माझं बोट बुडवलं. एकटीने.

मग मी जेल लावलं. जेल म्हणजे जेलीची पातळ वडी. तिच्या खाचांमध्ये नमुने घालून वीज सोडतात. धड आरएनएच्या दोन स्वच्छ रेघा उमटतात, नासलेल्याचा नुसता धूर. पहिल्या खाचेखाली दोन रेघा. मग बाकीच्यांसाठी सोडलेल्या चार खाचा रिकाम्या. शेवटी माझा धूर. केतकीने मोबाइलवर फोटो काढला. “मॅडम, बघा, तिने स्वतःच प्रूव्ह केलं.” मी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. बाथरूममध्ये जाऊन मी हात धुतले. साबण लावून, तीनदा. चौथ्यांदा साबण घेतला आणि माझाच मला राग आला. मी काय धुतेय?

परत आले. वही उघडली. त्या जेलचा फोटो चिकटवला आणि चार खाचांखाली चार नावं लिहिली. प्रत्येक नावापुढे, ‘बोट दिलं नाही’. मग खाली सही केली. माझ्या मजकुराखाली. मॅडमच्या नाही.

प्रोजेक्ट गेलाच. लाल टेपही तशीच आहे. त्या बारा जणींपैकी कांजूरमार्गच्या एक मालवणी काकू आमच्याच इमारतीतल्या हॉस्पिटलात तपासणीला आल्या. संमतीचा इंग्रजी कागद त्यांना मीच मराठीत समजावला होता. तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या होत्या, “बाय माझे, गाठीत काय गावला ता माका सांगशीत मा?” मी हो म्हटलं होतं. आता सांगितलं, काकू, नमुना नासला. आमच्याकडून. गाठ काढून टाकलेली, दुसरा तुकडा कुठून आणणार?

त्यांनी विचारलं, “कोणाच्या हातान?”

त्यांनी पुन्हा माझा हात धरला. तोच हात. आणि लिफ्टकडे गेल्या.

मॅडम म्हणतात, वहीतलं ते पान मागे घे, मग आतापर्यंतच्या कामावरचा प्रबंध पुढे पाठवते. प्रबंध अडलाय. वर्ष जाईल, कदाचित दोन जातील. आई अजून रडते. मी पान मागे घेणार नाही आणि लॅबही सोडणार नाही. प्रबंधात पहिलं चित्र त्याच जेलचं जाईल. माझा धूर असेल. चार खाचा रिकाम्या असतील. खाली नावं असतील. चारही.