मुलाखतीआधीचे पेढे

केशरी पेढ्याचा वास आला की मला विद्यापीठातल्या गणित विभागाचा व्हरांडा आठवतो. माझी लेक सुमन गणितात डॉक्टर झालेली, प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला आलेली. डोंबिवलीहून मी सोबत गेलेले. अजून कुणालाच आत बोलावलं नव्हतं, तोच शिपाई पेढे वाटत आला.

"घ्या मावशी, साहेबांचा भाचा लागला."

"कधी रे?"

"आज लागेल की!"

सुमनने पेढा परत खोक्यात ठेवला, आत जाऊन मुलाखत दिली. जागा भाच्यालाच मिळाली. तेव्हा त्या मोठ्या माणसांना मी बिचकले होते. आता वाटतं, एवढे शिकले, पण दुपारपर्यंत पेढे झाकून ठेवायची अक्कल नाही.

आज कोलशेतच्या नव्या घरी शेजारीण पेढे घेऊन आली. मुलगा त्याच विभागात लागला म्हणे.

मी विचारलं, "मुलाखत झाली, की व्हायचीय?"