न जाळलेला धुरा

माझं वावर समुद्रपूरच्या अलीकडे, एसटीच्या रस्त्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे. नवरा दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर कामाला जातो, म्हणून भाजीपाल्याचं सगळं मीच पाहते. वांगी, काकडी, चवळीच्या शेंगा आणि कोहळं. लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कोहळ्याचे वेल असे माजले की पानाखाली कोंबडी बसली तर दिसू नये. फुलंही भरपूर. पण फळ धरेना. फुलामागची हिरवी गोळी लिंबाएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळून जायची. मला वाटलं बियाणं खराब निघालं. मग वाटलं, ऊन फार आहे. दुकानदाराने एक औषध दिलं, ते मी सकाळी सकाळी, फुलं उमललेली असतानाच फवारलं. आठ दिवसांनी पुन्हा फवारलं. काही फरक पडला नाही.

त्याच दिवसांत निंदायला बाया आल्या. त्यांच्यात साठी उलटलेली एक गोंड बाई होती. जंगलाला लागून असलेल्या वस्तीतून यायची. सुनेशी स्वतःच्या भाषेत बोलायची, आमच्याशी वऱ्हाडीत. आम्ही सगळ्या तिला माय म्हणायचो. दुपारपर्यंत ती मुकाट्याने निंदत होती. मग कोहळ्याच्या वेलाशी थांबली आणि गळालेल्या गोळ्या ओच्यात गोळा करून माझ्याकडे घेऊन आली.

"तुया वावरात माश्या काऊन नाई?" तिने विचारलं.

"कोणत्या माश्या?"

"मधाच्या. सकाळपासून पाहून राह्यली, एकबी दिसली नाई."

मला उत्तर माहीत होतं. उन्हाळ्यात मी धुरा पेटवला होता. वावराच्या कडेचा बांध, त्यावरच्या बोरी, वाळलेलं गवत, सगळंच. पेरणीआधी आमच्याकडे सगळेच पेटवतात. बोरीच्या एका फांदीला फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं पोळं होतं. ते मला दिसलं होतं. आग जवळ गेली तेव्हा माश्या उठल्या, धुरात गरगरल्या, आणि मी पदर तोंडावर घेऊन मागे सरले. नंतर तो विषय मनातही आला नाही.

"माय, धुरा मीच जाळला," मी म्हणाले. "पोळं होतं तिथं. मले दिसलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "उद्या सूर्य निघाच्या आंधी येजो. मी येतो."

दुसऱ्या दिवशी माझ्याआधीच ती वावरात होती. तिने लांब देठाचं एक फूल खुडलं, पाकळ्या सोलून टाकल्या. "हे बाप्याचं." मग खाली गोळी असलेलं फूल दाखवलं. "हे बाईचं." पहिल्या फुलाचा पिवळा दांडा तिने दुसऱ्याच्या आत हलक्या हाताने फिरवला, जसं बाळाच्या डोळ्यात काजळ घालतात. "माशी हेच करते. आता तुले करा लागन."

महिनाभर मी रोज पहाटे ते केलं. ऊन चढलं की फुलं मिटतात, त्यामुळे घाई असायची. कंबर भरून यायची, बोटं पिवळी व्हायची. इतकं करूनही सगळ्या वेलांपर्यंत मी पोहोचत नसे. पण हात लावलेल्या फुलांची फळं टिकली. पहिलं कोहळं मोठं झालं तेव्हा मी तिथंच बसून रडले.

"पुढच्या साली धुरा जाळू नको," निंदण संपलं त्या दिवशी माय म्हणाली. "बोरी फुटतीन. माश्याबी येतीन, पण लगेच नाई."

मी जाळला नाही. लोक हसले, साप येतील म्हणाले. एक धामण आलीही. रानडुकरांनी एक कोपरा उकरून ठेवला. मी दिवसा फवारणं सोडलं, लागलंच तर सूर्य मावळल्यावर निंबोळीचा अर्क मारू लागले. पण शेजारच्या कपाशीचं काय? ते वावर नवऱ्याच्या चुलतभावाचं. ते सकाळीच फवारायचे आणि वाऱ्याने औषध माझ्याकडे यायचं.

"भाऊजी, तुम्ही संध्याकाळी नाई का मारू शकत?" मी विचारलं.

"तुया माश्यांसाठी? संध्याकाळी पाणी कोण भरन?"

"मी भरून ठेवतो ना ड्रम. माया विहिरीचं."

ते थोडा वेळ पंपाचा पट्टा सारखा करत राहिले. "एक साल पाहू," म्हणाले. ते साल सरलं, तरी संध्याकाळची वेळ त्यांनी सोडली नाही. अजूनही ते सूर्य कलल्यावरच फवारतात. या माणसाचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी नेहमीसारखी पहाटे फूल खुडायला वाकले, तर त्यात आधीच एक बारीक माशी होती, परागाने माखलेली. शेजारच्या फुलात दोन. मी हातातलं काम टाकून धुऱ्यावर गेले. जुन्या बोरीच्या बुंध्यातून फुटलेल्या फांदीवर नवं पोळं लटकत होतं.

आता ऊन दिवाळीपर्यंत हटत नाही आणि महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळून जातो. माझ्या एका धुऱ्याने ते बदलणार नाही, हे मला कळतं. तरी त्या सकाळी मला जे मिळालं, ते मी स्वतः घालवलेलं होतं. घालवलेलं परत मिळणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

गुडघ्यांमुळे मायने तोवर मजुरीला येणं सोडलं होतं. सर्वांत मोठं कोहळं पिशवीत घालून मी तिच्या वस्तीवर गेले. माश्यांच्या नव्या पोळ्याचं सांगितलं तर ती नुसतं "हो" म्हणाली, जणू तिला ठाऊकच होतं. मग कोहळ्यावर टिचकी मारून पाहिली, सुनेला विळा आणायला सांगितलं आणि मला म्हणाली, "बस. जेवून जाजो."

मी जेवूनच निघाले.