चौथ्या लेनमधली वजनं

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या मैदानावर मुलींना हर्डलवरून मागचा पाय कसा काढायचा ते दाखवत होतो. निवृत्त पीटी मास्तर आहे, पण सकाळी मैदानावर गेलो नाही तर घरातल्यांना माझा त्रास होतो, म्हणून जातो. लातूरहून त्याची बायको, सुजाता वहिनी बोलत होत्या. "भाऊजी, गेले ओ हे..." एवढंच म्हणाल्या. मी हो म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि शिट्टी वाजवून मुलींना पुन्हा एकदा पळायला सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही. मुली पळाल्या. ज्या हर्डलवरून त्या उड्या मारत होत्या, ते सगळे मिलिंदनंच बनवलेले होते.

आम्ही दोघं अर्धापूरचे, एका बाकावरचे. शाळेच्या मागं केळीच्या बागा होत्या. घड उतरवले की बुंधे तोडून बांधावर टाकायचे. मिलिंद ते बुंधे ओढत आणून गाडीवाटेवर विटांवर आडवे मांडायचा आणि त्यांवरून पळायचा. मीही पळायचो, म्हणजे बहुतेक वेळा पडायचो, पण बुंधा पायाला लागला तरी गडगडत पुढं जायचा आणि गुडघा शाबूत राहायचा. पुढं शाळेत लोखंडी हर्डल आले. ते कुण्या गेट करणाऱ्यानं गेटासारखेच मजबूत केले होते. पहिल्याच दिवशी मिलिंदची नडगी फुटली. तो रडला, आणि रडता रडता जे बोलला ते मला आजही ऐकू येतं. "ह्याला पडता येत न्हाई, बालाजी. ह्याला पडता आलं पाह्यजे."

पुढं त्यानं आयटीआय केलं आणि लातूरला वेल्डिंगचं दुकान टाकलं. लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या करता करता तो हर्डल करायला लागला. सकाळ-संध्याकाळ स्वतःचा सराव, एकशे दहा मीटरचा. हर्डलच्या पायांवर मागं-पुढं सरकणारी वजनं असतात. वरची पट्टी जितकी उंच, तितकी वजनं मागं घ्यायची. नाही घेतली तर हर्डल नुसत्या स्पर्शानं पडतो आणि धडकणाऱ्याला फुकटचा फायदा होतो. मिलिंदनं ही वजनं भंगारातून तयार केली आणि प्रत्येक हर्डलची परीक्षा स्वतः त्याला धडकून घेतली. त्याच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या असायच्या. वहिनी हळद लावता लावता म्हणायच्या, ह्यांच्या पायानं निम्म्या मराठवाड्याची पोरं पळायलीत.

आता जे सांगायचं ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी विभागीय स्पर्धा लातूरला होती. पहिले दोघं राज्याला जाणार होते. तिथं पदक मिळालं असतं तर मिलिंदला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली असती, आणि पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. हर्डल त्याचेच होते. सकाळी मुलींची शर्यत झाली. मग पट्ट्या पुरुषांच्या उंचीवर न्यायच्या आणि वजनं मागं सरकवायची, हे काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. बाकीच्या लेन आटोपल्या, चौथ्या लेनचे सहा हर्डल झाले तोच पाहुणे आले आणि मला सत्काराला ओढून नेलं. हार कुणाच्या हातून द्यायचा यावर बराच घोळ झाला, मग चहा झाला, फोडणीच्या चुरमुऱ्यांची सुशीला झाली. मी दोनदा घेतली. परत आलो तर उरलेल्या चार हर्डलच्या पट्ट्या कुणीतरी वर करून ठेवल्या होत्या. वर बघितलं, उंची बरोबर होती, काम झालं असं समजलो. वाकून वजनं काही मी बघितली नाहीत.

चिठ्ठ्यांत मिलिंदला चौथी लेन आली. काय पळाला म्हणून सांगू... तसा तो आधी कधी पळाला नव्हता. शेवटच्या चारांतले दोन हर्डल त्याच्या पायाला लागून पडले, पण तो पहिला आला. मी नाचत होतो. तो मात्र रेषा ओलांडून मागं फिरला, पडलेल्या हर्डलपाशी उकिडवा बसला आणि वजनांवरून हात फिरवला. मग सवयीनं नडगी चोळायला गेला. चोळण्यासारखं काही नव्हतंच, कारण लागलंच नव्हतं. तो उठला आणि सरळ पंचांकडं गेला.

"सर, ह्या हर्डलची वजनं पुढंच राहिलीत. माझी वेळ धरू नका."

पंचांनी विचारलं, लावले कुणी? मी चार पावलांवर उभा होतो. मिलिंदनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "हर्डल माझे हायत सर. मीच बघायला पाह्यजे होतं." मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो. तासाभरानं, सगळ्यांच्या संमतीनं, शर्यत पुन्हा झाली. मिलिंद तिसरा आला.

त्यानंतर मी त्याला शंभर वेळा भेटलो असेन. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. त्या शर्यतीनंतर दोन वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागं लागला होता. शेवटी त्यानं सायकलच्या ब्रेकची तार पाइपच्या आतून खाली नेली, स्प्रिंग बसवली, आणि असा हर्डल केला की पट्टी वर ओढली की वजनं आपोआप मागं सरकावीत. देगलूरपासून किनवटपर्यंतच्या शाळांनी ते नेले. बाहेरच्या देशांत असे हर्डल आधीपासून आहेत, हे त्याला फार उशिरा कळलं. मला वाईट वाटलं. तो हसला. "त्यांच्यातबी कुणीतरी इसरलं असंल," म्हणाला. तेव्हाही मी चहा संपवून परत आलो.

शेवटची भेट दवाखान्यातली. फुफ्फुसांनी हात टेकले होते आणि नाकात नळी होती. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा मी म्हणालो, "मिलिंद, त्या शर्यतीचं..." त्यानं हात वर केला. "किनवटच्या हर्डलच्या तारा गंजल्या असतील," तो थांबत थांबत म्हणाला. "एकदा बघून ये." मी हो म्हणालो आणि बाहेर पडलो. सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज आजही जात नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, वहिनींनी मला दुकानात नेलं. कोपऱ्यात तो ब्रेकच्या तारेचा पहिला हर्डल होता. तो मला द्यायचा असं मिलिंद सांगून गेला होता. मग मात्र माझा बांध फुटला. त्या चार हर्डलची वजनं माझ्यामुळं राहिली, आणि मी तिथं उभा असून बोललो नाही, सगळं वहिनींना सांगितलं. त्यांनी पाणी दिलं.

"ठाऊक हाय की, भाऊजी. त्याच दिवशी घरी येऊन म्हणले, बालाजी लई खचलाय, त्याच्यापुढं कुणी ह्याचं नाव काढायचं न्हाई. मग ही तार घेऊन बसले. म्हणले, त्याला पुन्हा वाकून बघावंच लागू नये असं करतो."

किनवटला जाऊन आलो. तीन तारा गंजल्या होत्या, बदलल्या. तो पहिला हर्डल आता नांदेडच्या मैदानावर चौथ्या लेनमध्ये असतो. रोज सकाळी मुली यायच्या आधी मी त्याची पट्टी वर ओढतो. खाली वजनं खरखरत मागं जातात आणि जागेवर बसतात. बघायची काही गरज नसते. तरी मी वाकतो आणि हात लावून बघतो.