वळणाच्या पुढचा ठिपका

बेकरी मागे पडली तेव्हा भावोजींना दम लागला होता. कट्ट्यावर जरा टेका म्हटलं, तर म्हणाले, "एकदा टेकलो की संपलंच. चल तू." मी एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हातात फोन.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जन्मभर टॅक्सी चालवली. आता डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलंय. ताईची नजर तर साखरेच्या आजारात कधीच गेली. एक दिवसाआड तिला दवाखान्यात न्यावं लागतं. गाडीत ती रस्ता ओळखत बसते. आधी बेकरीचा वास, मग वखारीतली करवत, मग कालव्याकडचा उतार. आपण कुठे आहोत हे कळलं, की ती निवांत असते.

काल ताईच्या जावयांनी गाडी काढली. जीपीएसने जवळचा रस्ता धरला, उड्डाणपुलावरून. तिथे ना वास, ना वळण. ताई आधी गप्प झाली, मग "मला कुठे नेताय?" म्हणत दाराची कडी चाचपायला लागली. घरी आले तेव्हा जावई घामाने भिजले होते. ताईने तर सांगूनच टाकलं, त्या गाडीत पुन्हा बसणार नाही. आणि दवाखाना चुकवून चालण्यासारखं तिचं दुखणं नाही.

म्हणून जुना रस्ताच यंत्राला शिकवायचं ठरलं. भावोजी सांगत गेले, लेक नकाशावर ठिपके ठेवत गेली. आज सकाळी जावई रिकामी गाडी घेऊन निघाले, तर यंत्राने त्यांना थेट वखारीच्या आवारात नेऊन उभं केलं. मालक बाहेर आला, "बोला, फळ्या हव्यात की चौकटी?"

भावोजींनी सगळे ठिपके दुकानांच्या दारात ठेवायला लावले होते. टॅक्सीवाल्याच्या लेखी ठिकाण म्हणजे दार, जिथे माणूस चढतो नाहीतर उतरतो. यंत्राला वाटलं, इथे थांबायचंच आहे.

"नकाशातलं मला उमगत नाही. पायाखाली घेतलं की सांगेन," ते म्हणाले. म्हणून ही पायपीट.

वखारीपाशी मी विचारलं, "आता कुठे टाकू?"

"कोपऱ्यावर."

"कोपऱ्यावर नको. जावई म्हणाले ना, वळण संपल्यावर, भर रस्त्यात."

"जावई म्हणाले. परवापर्यंत त्यांना गाडी मागे घेता येत नव्हती."

"तुम्हीच शिकवलीत ना?"

"म्हणून तर सांगतोय."

दारातला ठिपका मी पुसला, वळणाच्या पुढे रस्त्यावर नवा ठेवला आणि 'थांबा' काढून 'इथून जा' केलं. पडद्यावर पुलावरून जाणारी रेघ उचलली गेली नि कालव्याकडे वळली. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"वळली?" भावोजींना पडद्यावर नुसतं धुकं दिसत होतं.

"वळली. कालव्याकडेच."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसून काही उपयोग नव्हता.

असे ठिपके ठेवत ठेवत दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा कुठे ते बाकावर बसले.

"नेईल आता बरोबर," मी म्हणाले.

"नेईल. पण ती आतली बाई काय बोलते? दोनशे मीटरवर डावीकडे. हिला मीटर काय कळणार?"

ते स्वतः काय बोलतात, हे मी मागच्या सीटवरून कितीदा ऐकलंय. राणीसाहेब, वखार आली, नाक झाका. राणीसाहेब, उतार आला, मला धरा. आणि ताईचं ठरलेलं, "समोर बघून चालवा."

"उद्या तू बस तिच्याशेजारी," भावोजी म्हणाले. "त्या बाईचा आवाज बंद कर, जावई पडद्यावर बघतील. वळणं तू सांग. राणीसाहेब म्हणू नकोस, तेवढं माझ्याकडे राहू दे. पण वळायच्या आधी सांग हं, वळून झाल्यावर नको."