मखराची झाळ

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. माणसं पोट धरून हसतात. मीही धरतो – माझं जरा ऐसपैस असल्यामुळे दोन्ही हातांनी. पण त्यातल्या एका गोष्टीचा एक तुकडा मी आजवर कुणाला दाखवलेला नाही. बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हालाच का? – तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणूनच असेल.

गोष्ट मखराची. आम्ही रत्नागिरीचे सोनार. थोरला भाऊ – दादा – मुंबईत दागिने घडवायचा. वैशाखात स्वतःच्या लग्नाला आला तो आगबोटीतून पितळेच्या बारीक नळ्या घेऊनच. "यंदा गणपतीला नळ्यांचं मखर करू या," म्हणाला. मी तेव्हा विशीतला. दोन नथी धड घडवलेल्या, आणि त्या दोन नथींच्या जोरावर छाती ही एवढी. म्हटलं, "त्यात काय! चांदीच्या झाळेनं असं जोडतो की हत्ती बसला तरी हलायचं नाही."

झाळ म्हणजे दोन तुकडे सांधायला मध्ये वितळवायचा धातू. नळी पितळेची, पातळ. झाळ तिच्याआधी वितळायला हवी – म्हणजे चांदी सढळ हातानं घालायची, पितळ बेतानं. सोनाराच्या पोराला हे ठाऊक नसेल? ठाऊक होतं. पण पितळ जास्त घातलं की जोड टणक होईल, असं माझ्या टाळक्यानं घेतलं. फुंकणीनं जाळ दिला. झाळ वितळेना. आणखी फुंकलं – आणि झाळ तशीच राहिली, नळीच मेणासारखी बसली.

दुसरी आणणार कुठून? पावसाळ्यात आगबोटी बंद. मखर चार बोटं ठेंगणं केलं, ते कुणाला कळलं नाही. पण जाळाची धास्ती बसली ती बसली. दादाला काय तोंड दाखवू? मग मी – हं, हाच तो तुकडा – कथील-शिशाची झाळ काढली. डब्यांची बुडं सांधतात ती. जरा ऊब लागली की वितळते, नळीला इजा नाही. सगळे जोड तिनंच केले आणि वरून पिवळं वार्निश फासलं.

चतुर्थीला दादा घाटावरून वळसा घालून आला. मखरावर हात फिरवत म्हणाला, "चांदीचीच ना रे?"

"मग काय कथलाची?" मी म्हणालो. वर हसलोसुद्धा.

संध्याकाळी आरतीला गॅसबत्ती टांगायचा मान दादानं नव्या वहिनीला दिला. आकडा मीच केला होता, थेट जोडाखाली. तिनं बत्ती दोन्ही हातांनी, श्वास धरून अडकवली. आरती रंगात आली, बत्तीचं डोकं तापलं, आणि मखराच्या कोपऱ्यानं मान टाकली. बत्ती खाली. मूर्तीचा उजवा हात – आशीर्वादाचा – मोडला.

"काय गो केलंस हे!" आई ओरडली. "पायगुण म्हणतात तो हाच!"

"मी नीट अडकवली होती हो," वहिनी म्हणाली. एकदाच म्हणाली.

मी कुठे होतो? तिथेच. जमिनीवर राखाडी थेंब पडले होते, मसुराएवढे. चांदीची झाळ बत्तीनं वितळत नाही. दादाची नजर पडती तर त्याला विचारावंही लागलं नसतं. मी त्यांच्यावर पाय ठेवला. थेंब अजून गरम होते. पाय हलवला नाही. पुढे गडबडीत वाकून ते उचलले आणि कनवटीला लावले – त्या सबंध दिवसात माझ्या हातून झालेलं तेवढंच सफाईचं काम.

त्या वर्षापासून वहिनीला गणपतीपुढे येऊ दिलं नाही. आरती बाहेर, ती आत खवणीवर. आता आईला जाऊन किती वर्षं झाली, तरी ती येत नाही. "सवय नाही राहिली," म्हणते.

आणि मी काय केलं? त्याची गोष्ट केली! वहिनीनं बत्ती कशी टांगली, बत्ती पडताच भटजींची शेंडी कशी ताठ उभी राहिली – शेंडी माझ्या पदरची, खरी नव्हे. लोक शेंडीला हसत राहिले की जोडाकडे कोण बघतो? दर गणपतीत सांगतो. तिच्या घरात, ती ऐकत असताना.

यंदाही पोरांनी धरलं. सांगू लागलो, पण का कोण जाणे, घाई केली. मधलं काही गाळून मी शेवटाकडे निघालो. आतली खवणी थांबली.

"भावोजी," वहिनी आतून म्हणाली, "भटजींची शेंडी राहिली की हो!"

सगळे हसले. दादाही.

मी गोष्टीत मागे गेलो आणि शेंडी सांगितली. आत खवणी पुन्हा सुरू झाली.